पेरू आणि चिकूची वाटणी

शिरूर,
१० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अनुपमा हिस,

सुलक्षणाचे आशीर्वाद. आशीर्वाद द्यावेत अशी वेळ नाही, पण थोरली जाऊ आहे, तेव्हा रीत पाळते.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू ओरडतेस, मग मीही ओरडते, आणि नंतर दोघी आपापल्या नवऱ्याला वेगवेगळं सांगतो. दिवाळीत तेच झालं आणि मी तुझा नंबर बंद केला. कागदावरचं फिरवता येत नाही, म्हणून कागद.

विषय एकच. काल माझी धनश्री सासूबाईंच्या फोनवर व्हिडिओ लावून तुझ्या पूनमशी बोलत होती. मागे चिकूचा पिंजरा दिसला आणि त्यात तारेचं चाक दिसलं. कुणाच्या डोक्यातून निघालं ते? गिनीपिग म्हणजे उंदीर नव्हे, अनुपमा. त्याची पाठ चाकाच्या गोलाईत वाकण्यासाठी नसते. चाकात पळाला की कणा दुखावतो, आणि तारांच्या फटीत पाय गेला तर मोडतोच. सत्यजीत भाऊजींनी हौसेने आणलं असेल. हौस त्यांची आणि पाय चिकूचा.

पेरू आणि चिकू एकाच टोपलीतून या घरात आले होते. वाटणीत तुला चिकू गेला म्हणून त्याच्यावरची माझी माया वाटली गेलेली नाही. चाक आजच काढ.

बाकी तुमचं दौंडचं घर लागलं असेलच. मी विचारत नाही.

राग आहे, तो लपवून लोभ लिहायला मला जमत नाही.

सुलक्षणा


दौंड,
१५ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. सुलक्षणाताईंस,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. विहिरीकडची जमीन घेतलीत, सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्या घेतल्यात, आता माझ्या पिंजऱ्यातलं चाकसुद्धा तुम्हीच फिरवणार.

चाक काढलं आहे. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, चिकूचं नख त्यात अडकून रक्त आलं म्हणून. तुमचं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं, तेव्हा श्रेय घेऊ नका.

आता तुमचं बघू. पेरूला तुम्ही ठेवलंय त्या कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात. खाली नुसती जाळी. लेंड्या खाली पडतात, झाडायला नको, म्हणून पृथ्वीराजदादांनी ती तशीच ठेवली हे मला माहीत आहे, मी त्याच घरात नांदले आहे. पूनमला धनश्रीने सांगितलं की पेरूचे मागचे तळवे लाल झालेत. कोंबडीचा पाय वेगळा, याचा वेगळा. जाळीवर उभं राहून तळव्यांना जखमा होतात, त्या चिघळल्या तर जनावर जागचं हलत नाही. सपाट फळी टाका, तिच्यावर जाड कापड, आणि ते रोज बदला. दुसऱ्याच्या पिंजऱ्यात डोकावण्याआधी स्वतःचा तळ बघावा.

ताई, खरं सांगायचं तर चिकू कोपरा सोडत नाही. दुकानदाराने एकट्या जनावराला सोबत म्हणून आरसा लावायला सांगितला. लावला, तर तो आरशाकडे पाठ करून बसतो. गेणबाअण्णा पंच म्हणून आले, दोन भाऊ बघितले, दोन जनावरं बघितली, एकेक घ्या म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही थोरल्या होतात, तुम्ही का गप्प बसलात? पेरू आम्हाला द्या. दोघं एकत्र राहतील.

पूर्वीचा लोभ तुमच्याकडे शिल्लक असेल तर यासाठी खर्च करावा.

अनुपमा


शिरूर,
२१ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अनुपमा हिस,

आशीर्वाद, मागच्याइतकेच.

मी का गप्प बसले विचारतेस. तू काय तेव्हा भाषण केलंस? तू तर चिकूला पदराखाली घेऊन टेंपोत जाऊन बसलीस. इतकी घाई की त्याची पाण्याची बाटली नेलीस आणि तिचं झाकण इथेच टाकलंस.

फळी टाकली. धनश्रीने तुझ्या पत्राआधीच टाकली होती असं समज, म्हणजे मला बरं वाटेल. तळवे सुधारताहेत. आरसा काचेचा असेल तर लगेच काढ, फुटला तर पायाखालीच येईल. आणि दुकानदाराचं ऐकणं बंद कर, त्याला पिंजऱ्यात बसायचं नाही.

पेरूचं यांच्यापुढे काढलं. ताट बाजूला सारलं यांनी. म्हणाले की, वाटणीत ठरल्यालं एक सूप जरी हिकडचं तिकडं गेलं तर समदी वाटणी उकलंल, आज ससा मागतोय, उद्या सत्यजीत हिरीचं पानी मागंल. (अजून ससाच म्हणतात.) सासूबाई मधे पडल्या, म्हणाल्या की, वासरू बी एकलं चरत न्हाई, ह्ये तर एवढंसं हाय. तर त्यांनाही गप्प केलं.

मला तरी पेरू का द्यावासा वाटेल? धनश्री शाळेतून आली की आधी त्याला हाक मारते आणि तो शिट्टी घालतो. तुला एवढी काळजी असेल तर चिकूला इकडे पाठव. भाऊजींना विचार, पाठवतात का. नाही पाठवणार. मग आम्हीच कसाई कसे?

सासूबाईंची तब्येत बरी आहे. त्यांनी तुला विचारलं आहे, मी नाही.

सुलक्षणा


दौंड,
२९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. सुलक्षणाताईंस,

नमस्कार. शेजारच्या रंगुबाई आज शिरूरला लेकीकडे निघाल्या आहेत, त्यांच्या हाती हे देते. फोन लावत होते, तुम्ही नंबर अजून बंदच ठेवला आहे.

चिकूने कालपासून काही खाल्लेलं नाही. डॉक्टरांनी दात बघितले, पोट बघितलं, कुठे काही सापडलं नाही. मग त्यांनी विचारलं की याला जोडीदार होता का. एक दिवस खाल्लं नाही तरी या जनावरांची आतडी थांबतात, म्हणून सिरिंजने भरवते आहे. अर्धं बाहेर टाकतो. पूनम शाळेत गेली नाही.

त्याला तुमच्याकडे पाठवायला मी आज तयार आहे, कुणाला न विचारता. पण या अवस्थेत प्रवास नको असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. यांना म्हटलं दादांशी बोला. हे म्हणाले की, भावापुढं हात पसरनार न्हाई, एका उंदरासाठी तर न्हाईच. तेव्हा मी पसरते, दादांपुढे नाही, तुमच्यापुढे. यात मला काडीचाही आनंद नाही आणि याबद्दल मी तुम्हाला माफ करीन असंही वाटत नाही.

पेरू पाठवा.

अनुपमा


शिरूर,
३० नोव्हेंबर २०२५

अनुपमा,

माझा भाऊ मल्हारी पेरूला घेऊन निघतो आहे, त्याच्याकडे हे पत्र आहे. रीतीच्या चार ओळी पुढच्या वेळी लिहीन. तुझा नंबर उघडला आहे, चिकूने गवताला तोंड लावलं की कळव.

आधी नीट वाच. पेरूला चिकूच्या पिंजऱ्यात थेट सोडू नकोस, इतक्या दिवसांनी भेटताहेत, भांडतील. धुतलेल्या मोकळ्या फरशीवर दोघांना एकदम सोड, जिथे दोघांचाही वास नाही. लपायला पुठ्ठ्याची दोन खोकी ठेव आणि प्रत्येकाला दोन दारं काप. एकच दार असलं की जोरावर असलेला दारात बसतो आणि दुसरा आत अडकतो. वाट्या दोन, पाण्याच्या बाटल्या दोन. एकमेकांच्या मागे फिरून गुरगुरतील, रक्त निघालं तरच सोडव. पेरूचे तळवे अजून नाजूक आहेत, जाळीवर ठेवलास तर मी स्वतः दौंडला येईन.

धनश्रीला सगळं सांगून विचारलं. तिने पेरूला स्वतः पेटीत ठेवलं, आपला जुना फ्रॉक खाली घातला. आत जाऊन तिने दार लावून घेतलं आहे.

आता हे ऐक आणि तुझ्या नवऱ्यालाही सांगू नकोस. आमच्या घरी पेरू मरणार आहे, म्हणजे यांना मी तसं सांगणार आहे. उघड दिला तर वाटणी मोडली म्हणून हे पेरूला परत आणायला दौंडला धावतील, मेलेल्याला कोण परत मागतं? असं लिहून मी पत्र मिटलं होतं, पण मल्हारीची गाडी बिघडली आणि तो दुरुस्त करेपर्यंत हे घरी आले. पेरूला मल्हारीने गोठ्यात झाकून ठेवलं होतं. पेरू गेला म्हणत मी यांच्यापुढे बुटाचं खोकं ठेवलं, ओलं गवत भरून दोरीने बांधलेलं. खोकं सासूबाईंनीच शोधून दिलं होतं.

मला वाटलं, म्हणतील टाकून दे. यांनी कुदळ घेतली, चिंचेखाली खड्डा काढला, खोकं दोन्ही हातांनी खाली ठेवलं. धनश्री रडत होती, ते तर खरंच होतं. माती लोटून झाल्यावर यांनी वर एक दगड ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की, सत्यजीतला द्याया पायजे हुता, दोगं जोडीनं जगलं तरी असतं.

अनुपमा, माझ्या मागे पाच पावलांवर गोठ्यात पेरू जिवंत होता. एक शब्द बोलले असते तर बस होतं. पण पंधरा दिवस तुझी पत्रं मी यांच्या पुढ्यात ठेवली, सासूबाई बोलल्या, पोर रडली, तेव्हा यांना हे सुचलं नाही. मी यांना हात धुवायला पाणी दिलं, आणि आता एवढं लिहून पत्र मल्हारीच्या हाती देते आणि त्याला मागच्या वाटेने काढून देते.

कधीतरी सांगीन. आज नाही.

तुझी, अजूनही रागावलेली,
सुलक्षणा