तिसऱ्या ताटलीचा अर्थ

ओल्ड डॅम, मेन
गुरुवार, १७ ऑक्टोबर

चि. सेलेस्त,

मावशीचे आशीर्वाद. इथं मी आणि कोंबड्या ठीक आहोत. तांबडी पुन्हा खुडूक बसली आहे, उठवायला गेलं की चोच मारते. थंडी यंदा लवकर आली. आर्मांने लाकडं आणून रचून दिली, पण अशी रचली आहेत की एक ओंडका ओढला तर सगळा ढीग पायावर यावा. त्याला सांगितलं तर म्हणतो, मग बघून ओढ. सत्तरी उलटली तरी शेजाऱ्याशी नीट बोलावं हे काही त्याला जमलं नाही.

पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. आठवीत शाळा सोडून मी कागदाच्या गिरणीत लागले, तेव्हापासून सही सोडून फारसं काही लिहिलं नाही. पण फोनवर मला मध्येच चहाचं आधण आठवतं.

मंगळवारी तू विचारलंस, "मावशी, जेवायला आले त्या शनिवारी मी तुझ्याकडे खटल्याबद्दल एक शब्द तरी बोलले होते का?" मी नाही म्हटलं. ते खरंच आहे. तू फोन ठेवला नाहीस. मी आणखी काही सांगावं म्हणून थांबली होतीस, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं आधण उतू जातंय आणि फोन ठेवला. आधण नव्हतं. शेगडी थंड होती.

तेव्हापासून तुझा तो सपाट आवाज डोक्यातून जात नाही. गिरणीच्या वकिलाने जजबाईंना लिहून कळवलंय की तुमची लॉ क्लार्क गावात निकाल फोडते आहे. ज्याने विहिरी नासल्या म्हणून गावाने खटला घातला, तो गिरणीने मागच्या अंगाला टाकलेला गाळाचा ढीग गिरणीलाच उपसावा लागणार, असं ओल्ड डॅममध्ये जो तो बोलतो आहे. आणि सोमवारी जजबाई दोन्हीकडच्या वकिलांसमोर तुला उभं करून विचारणार. तू बोललीस असं ठरलं तर ही नोकरी जाईल, आणि पुढं कुणी वकील तुला दारात उभं करणार नाही. हे सगळं तू मला असं सांगितलंस, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

आता ऐक. बोलली ती मी.

तू काही फोडलं नाहीस हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? नोकरी लागली तेव्हा तूच सांगितलं होतंस की जजबाईंनी पहिल्या दिवशी एकच नियम घातला: घरी काय जेवलात ते इथं सांगा, इथं काय शिजतंय ते घरी सांगू नका. आपण किती हसलो होतो. आपली विहीर नदीच्या वरच्या अंगाला, आपलं नाव खटल्यात नाही, म्हणून तुला या खटल्याचे कागद हाताळायला मिळाले. आणि तू पाळलंस. त्या शनिवारी आर्मांने जेवताना किती खोदून विचारलं. बिचाऱ्याच्या विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं झालंय, त्याने विचारायचं नाही तर कुणी? तू म्हणालीस, "आर्मांकाका, घेवडा वाढू का?" बस. एवढंच.

पण मी तुझ्या ताटलीकडे बघत होते.

तुला कसं सांगू. गिरणी चालू होती तेव्हा पुरुषांनी घरी काही बोलायचं नाही अशी युनियनची शपथ असायची. संप होणार की नाही, माणसं कमी करणार की नाही, काही नाही. आम्ही बायका ताटावरून ओळखायचो. तुझे लिओकाका ज्या दिवशी घेवडा ढवळत बसले आणि ताटली सरकवून उठले, त्या दिवशी मी दुकानातून पिठाचं पोतं आणून ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात संप. माझा अंदाज कधी चुकला नाही, आणि त्याचा मला ताठा आहे, तोही लिहून टाकते.

तू त्या रात्री तीन ताटल्या खाल्ल्यास. घेवड्यातली काकवी ब्रेडने पुसून खाल्लीस. मी मनात म्हटलं, झालं, गाव जिंकलं.

आणि दुसऱ्या दिवशी चर्चच्या स्वयंपाकघरात व्हेल्माला सांगितलं. एवढंच सांगितलं की पोरीची भूक बघून मला बरं वाटतंय. व्हेल्मा म्हणजे व्हेल्मा, आणि ताटावरून ओळखणं तिलाही येतं. तिच्या तोंडून निघेपर्यंत त्याचं "जजच्या क्लार्कने मावशीला सांगितलं" झालं होतं, आणि मला ते कानावर आलं तेव्हा मी खोडलं नाही. गावातली माणसं कधी नव्हे ती हसत होती. आर्मांने परसात नव्या वाफ्यासाठी दोरी लावली. मी कोण ते मोडायला, असं वाटलं. तिथं माझं चुकलं.

काल चर्चच्या जेवणाला सगळे जमले होते. मी पातेलं खाली ठेवलं आणि उभी राहून सांगितलं की सेलेस्त एक अक्षर बोललेली नाही, तिच्या ताटलीवरून मी ठरवलं. व्हेल्मा लालेलाल झाली आणि मीठ शोधायला लागली, मीठ तिच्यासमोर होतं. कुणीतरी मागून म्हणालं, "ॲल्डीनला आता जजच्या खुर्चीत बसवा, खर्च वाचेल." हसले लोक. हसू देत.

आर्मां हसला नाही. चमचा खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे आपण जिंकलो नाही?"

"मला काय माहीत? निकाल लागला की कळेल."

त्याने चमचा पुन्हा उचलला. मग म्हणाला, "मग पोरीने एवढं खाल्लं कशाला?"

सेलेस्त, मी पातेलं उचललं आणि निघाले.

घरी येताना आठवलं. तू बाही वर केलीस तेव्हा तुझं मनगट कसं काडीसारखं दिसलं. पहिली ताटली तू उभ्यानेच संपवायला लागली होतीस, मी ओरडले तेव्हा बसलीस. म्हणालीस, तिकडे सवयच झालीय, कागद वाचता वाचता उभ्यानेच काहीतरी खाते. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मी निकाल वाचत होते. तुझी आई गेल्यावर या हाताने तुला वाढवलं, आणि समोर पोर भुकेली बसलीय हे मला दिसलं नाही. लोकांच्या विहिरी दिसल्या.

तर आता असं कर. हे पत्र वाचून झालं की जसंच्या तसं जजबाईंच्या टेबलावर ठेव. कोंबड्यांचा मजकूर त्यांनी वाचला तरी हरकत नाही. सोमवारी मी कोर्टात येते, आर्मां गाडीने सोडणार आहे. त्यांनी विचारलं तर उभी राहीन आणि जे काल सांगितलं तेच सांगेन. गिरणीचा वकील हसला तर त्यालाही हसू देत. तू माझ्याकडे बघू नकोस, ओळख दाखवू नकोस. आणि हो, त्यांनी तुला या खटल्यावरून काढलं तर माझ्यावर राग धर, त्यांच्यावर नको. निकाल काय लागतो ते मला कधीही सांगू नकोस, पेपरात येईल तेव्हा आर्मां वाचून दाखवेल.

घेवडा शनिवारी भिजत घालते. मोठ्या मडक्यात करते, झाकण कापडाने बांधून दारावरच्या शिपायापाशी ठेवीन. बसून खा. पहिली ताटली, दुसरी, तिसरी. मी आता मोजणार नाही, आणि त्याचा कुणी काही अर्थ लावायचा नाही.

तुला भूक लागते एवढंच आता ओळखायला शिकलेली,
तुझी मावशी
ॲल्डीन