रिकामं जातं

चिंचवड, मंगळवार, फेब्रुवारी १९५८

आज स्वतःचीच लाज वाटली. कारखान्यात पत्रे ठोकून ठोकून माझ्या कानात रातकिडे शिरलेत, त्याला दोन वर्षं झाली. कामावर ते कळत नाहीत. पहिली पाळी करून घरी यावं, आडवं व्हावं, सगळं शांत झालं की किरकिर सुरू. ती शांतताच नको वाटते.

हल्ली मात्र दुपारी झोप लागत होती. सुमन नेमकी त्याच वेळी आत जात्यावर बसायची आणि त्या घरघरीत मी झोपून जायचो. एकदा मनात आलंही, आम्हा दोन माणसांना रोज एवढं पीठ लागतं कशाला? पण विचारलं कुठे!

आज पाणी प्यायला उठलो, तर दाराशीच थबकलो. कालच कुरुळीहून आलेली आई तिला रागावत होती, "रिकामं जातं फिरवू न्हाई गं. दगूड झिजतोय." सुमन हळूच म्हणाली, "थांबवलं की ते दचकून उठतात."

जात्याभोवती पिठाचा कणसुद्धा नव्हता. तिचा हात भरून आलेला दिसत होता.

गुपचूप परत येऊन पडलो आणि मोठमोठ्याने घोरायला लागलो. खोटंच. निदान तिने थांबावं.

जातं थांबलं. आई म्हणाली, "झोपला बघ. ऊठ आता."

"नाही आत्याबाई, झोपल्यावर ते घोरत नाहीत."

आणि घरघर परत सुरू.

लग्नाला सहा वर्षं झाली. मी घोरत नाही, हे मला आज कळलं.