राखणदाराची खुर्ची

२ नोव्हेंबर, रविवार
सानपाड्यात मुलाकडे येऊन आठवडा झाला. केयूरचा फ्लॅट झकास आहे, फक्त त्यात केयूर नसतो. सांगलीत मी बोलून बोलून लोकांना वैताग आणायची. इथे भिंतींवर भागवते. आज मात्र स्वारी खूश! खाडीकाठच्या जुन्या किल्ल्यात आता कलाकेंद्र आहे, दर रविवारी संध्याकाळी गाणं, तेही फुकट. बुरुजावर दिव्यांच्या माळा, मागे भरतीचं पाणी. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर नुसता नारळ. जागा धरायची ही तऱ्हा नवीनच! फाटकाजवळ गजरे विकणाऱ्या गोजराबाई म्हणाल्या, "ती राखनदाराची खुर्ची हाय. तिथं कोन बसत नाय." किल्ला राखणाऱ्याचा मान म्हणे. मी शेवटपर्यंत उभीच होते. पाय दुखले, पण माणसांत होते.

९ नोव्हेंबर
पुन्हा तोबा गर्दी. पायांनी संप पुकारला. पाहते तर नारळ खाली जमिनीवर आणि खुर्ची मोकळी. कुणी बोलावल्यासारखं वाटलं, बसले. शेजारच्या बाईंना म्हटलं, छान गाते हो मुलगी. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. काय ही शहरातली माणसं!

१० नोव्हेंबर
केयूरने एकट्यापुरतं वाढून घेतलं. हाक मारली तरी ढिम्म. कानात ती गाणी ऐकायची बोंडं घातली असतील. मी रागावून न जेवता झोपले.

११ नोव्हेंबर
बोंडं नव्हती. त्याचा हात धरला, तर शहारला आणि उठून पंखा बंद केला. फोनवर कुणाला तरी सांगत होता, आई रविवारी किल्ल्यावर गेली ती परतलीच नाही. रडत होता. मी समोर — अगदी समोर उभी होते.

१६ नोव्हेंबर
पाय आपोआप इकडे किल्ल्यावर आले. खुर्चीतून उठता येत नाही. वही पर्समध्ये होती, म्हणून लिहिते. गोजराबाईंनी नारळ ठेवला — माझ्या मांडीवर. हात जोडले. केयूर फाटकाशी माझा फोटो दाखवत फिरतोय. मी ओरडतेय —

२३ नोव्हेंबर
आठवडाभर कुणी नाही. फक्त पाणी. त्या दिवशी नारळ खाली कुणी ठेवला, ते आता कळलं.

३० नोव्हेंबर
एक बाई आलीय. एकटीच. दुखरे पाय बदलत उभी. कुणीतरी बोलावं म्हणून सगळ्यांकडे बघून हसते — माझ्यासारखीच. नको. असं करू नये.
केयूर आजही फाटकाशी. किती वाळलाय. मला घरी जायचंय —
नारळ खाली ठेवला.
तिने पाहिलं. येतेय. बाई, मला माफ —