वाळत घातलेला समुद्र

वेस्ट विंडसर, ६ मे २०२५

चि. निहार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागले की तुझे काका स्पीकर लावायला सांगतात, म्हणून हे पत्र पार्सलमध्येच घालते आहे. सोबत आपलं समुद्रकिनाऱ्याचं चित्र आहे. एकोणिसाव्या शतकातलं, जलरंगातलं. छत्र्या घेऊन बसलेल्या बायका, वाळूत खेळणारी पोरं. काकांनी अमेरिकेत आल्या वर्षीच घेतलं होतं.

मार्चमध्ये काकांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी निघाली आणि चित्रासमोर उभं राहून ते म्हणाले की समुद्र गेला. डॉक्टरने डोळा बिघडवला म्हणतात आणि डाव्याला हात लावू देत नाहीत. डाव्याने तर आता जिनाही दिसत नाही. मला चित्र रोजच्यासारखंच वाटतं. तू चित्रांच्या चौकटींच्या दुकानात कामाला आहेस, तर नीट बघ आणि मलाच कळव. कॉलेज सोडलंस ते सोडलंस, जेवण सोडू नकोस.

तुझी शैलजाकाकू

शिकागो, १४ मे २०२५

ती. शैलजाकाकूस शि. सा. न. वि. वि.

चित्र सुखरूप पोचलं. मांडीवर ठेवूनच डेव्हन रस्त्यावरच्या बसने दुकानात नेलं. मालकांना शेजारी उभं करून चौकट उघडली. चित्राच्या कडेने जाड कागदाची पट्टी असते, तिच्याखाली बोटभर समुद्र झाकलेला होता. तो निळा आहे, काकू. मला खरं वाटेना, म्हणून दिवा बदलून पुन्हा पाहिला. उघड्या भागावर मात्र नुसता ओला डाग असावा तसं दिसतं. म्हणजे काकांचा डोळा चांगला आहे, चित्राचाच रंग उडाला आहे.

चित्र उन्हात होतं का, असं मालकांनी विचारलं. मी नाही म्हणालो आणि मग आठवलं. कसर लागू नये म्हणून तुम्ही दर उन्हाळ्यात पैठण्या आणि गाद्यांबरोबर चित्रालाही घरामागच्या लाकडी डेकवर ऊन दाखवता. हे लिहावं की नाही, या विचारात पत्र रखडलं. जुना कागद आहे, रंग उडाला, एवढंच काकांना सांगितलंत तरी ते खोटं नाही. उन्हाचं मी कुणाकडे बोलणार नाही. पण डाव्या डोळ्याचं लांबवू नका. पट्टी न लावता चित्र परत पाठवतो आहे, म्हणजे काकांना कड दिसेल.

चुकलं असेल तर रागवा, पण अंतर देऊ नका.

आपला निहार

वेस्ट विंडसर, २४ मे २०२५

चि. निहार यास आशीर्वाद.

काकूने तुझं पत्र मला वाचून दाखवलं, उन्हासकट. वाचताना रडली. मी म्हटलं, इतकी वर्षं ते चित्र डेकवर उचलून नेलं कोणी? हुकूम तिचा, हमाली माझी. तेव्हा निम्मा समुद्र मीही वाळवला आहे.

मग एकेक डोळा झाकून ती कड पाहिली. नव्या डोळ्याला निळीशार दिसते, जुन्याला शेवाळी. एवढं कळायला इंजिनिअर लागत नाही. तुला म्हणून सांगतो, डॉक्टरवर माझा राग नव्हताच. त्या टेबलावर जागेपणी पडून राहताना फार घाबरलो होतो. पुन्हा नको म्हणायला काहीतरी कारण हवं होतं. हे काकूला ठाऊक नाही. पण पाकीट तीच चिकटवते, म्हणजे कळेलच.

दहा जूनला डाव्याचं ठरवलं आहे. मला आत काही सोबत मिळायची नाही, पण बाहेर ती एकटी नको. तू तिच्याजवळ बसायला ये.

तुझा मनोहरकाका