पहिल्या डिव्हिजनमधली जागा

तंजावूर, १२ जून १९९४

चि. सतीशकुमार यास,

इतके महिने लिहिलं नाही, क्षमा कर. हेही पाठवणार नाही. तुला आपली मराठी बोलता येते, पण देवनागरी वाचता येत नाही, आणि इंग्रजीत लिहिलं की माझा तिरस्कार फार सभ्य होतो.

अप्पांनी आपल्या दोघा भावंडांच्या नावावर ठेवलेला क्रिकेट संघ विकत घ्यायला तू मद्रासहून पाठवलेला फायनान्स कंपनीचा माणूस आज आला होता. त्याला फक्त लीगच्या पहिल्या डिव्हिजनमधली संघाची जागा हवी आहे. खेळाडू तो स्वतःचे आणणार.

“आणि आमची पोरं?” मी विचारलं.

“मॅच बघायला येऊ देत ना, मॅडम. पास देऊ!”

इतकं उदार हसू मी कधी पाहिलं नव्हतं. तुझं सोडून.

कप्तान सुंदर दाराशीच होता. म्हणाला, “विका अक्का. आम्ही तसेही हरतोच. आता सावलीत बसून दुसऱ्यांना हरताना बघू.”

खरं आहे. यंदा शेवटचे आलो तर जागा जाईल आणि विकायला काही उरणार नाही. तुझा हिशेब बरोबर आहे. मला बॅटही धरता येत नाही. मैदानावर लोक ‘ओनर अक्का’ म्हणून उठून उभे राहतात, कदाचित तेवढंच मला सोडवत नसेल. तरीही, ज्याला एकाही खेळाडूचं नाव विचारावंसं वाटलं नाही, त्याच्या कागदावर माझी सही होणार नाही. तुझी झाली आहे म्हणे. तुला तरी ती नावं कुठे ठाऊक आहेत?

तुझी,
भुवनेश्वरी अक्का

उद्या: खेळपट्टीवरची काथ्याची चटई फाटली आहे, ती शिवायला देणे.