टोपणाला तडा

४ मार्च
आमच्या बाटल्यांच्या कारखान्याचे शहासाहेब मुंबईच्या गिऱ्हाईक पार्टीसाठीचं नवं टोपण नाचवत लॅबमध्ये आले. पारदर्शक, काचेसारखं. बाटलीत जाणार सांधेदुखीचं तेल, लवंग-कापूरवालं. म्हटलं, साहेब, असलं तेल या प्लास्टिकला खातं. तडे जातील. "पण बेन, दिसतं केवढं मस्त!" दिसतंच. या माणसाचं सगळं ज्ञान डोळ्यांत, त्यामागे काही नाही. यापुढे नुसतं श. लिहीन. पूर्ण नावाची शाई वाया कशाला घालवायची.

६ मार्च
पार्टीने तेलाचा एकच कॅन पाठवला, कंजूष कुठले. सगळा बाटल्यांत गेला. प्रत्येकीवर मार्करने पातळीची खूण केली, टोपणं आवळली, तेल टोपणाला भिडावं म्हणून बाटल्या आडव्या करून टेस्टच्या गरम ओव्हनमध्ये, तीन आठवडे. रोजची देखरेख भिकाआप्पांकडे. आप्पा म्हणजे आमचे मदतनीस, शिरपूरकडचे, ठेकेदाराचा माणूस. सांगितलं, पातळी खुणेखाली आली तर मला कळवा. मान डोलावली. आप्पा पंख्यालाही मान डोलावतात.

१७ मार्च
ओव्हन उघडला तर आत श. चा डबा. भेंडी! "पाच मिनिटं, बेन, गरम होते." हा माणूस इंजिनिअर आहे म्हणे. सायलीच्या या कारखान्यांत काय काय खपतं!

२९ मार्च
टेस्ट संपली. एकाही टोपणाला तडा नाही. पातळी जिथल्या तिथे. श. टोपण घेऊन अख्ख्या ऑफिसभर फिरले. "बेनचं पुस्तक खोटं, माझं टोपण खरं!" पास. पहिला ट्रक पुढच्या शनिवारी.
मूर्ख ठरले, आणि तेही या माणसापुढे. रागाने जेवणार नव्हते. मग जेवले.

१ एप्रिल
टेस्टच्या बाटल्या रिकाम्या करताना सवयीने वास घेतला. लवंग नाही, कापूर नाही. शेंगदाण्याचं तेल! दुसरी उघडली, तिसरी उघडली, तेच. जिरं टाकलं असतं तर फोडणी झाली असती.
आप्पांना विचारलं. लपवलंसुद्धा नाही. "घरवालीना गुडघा दुखस, ताई. पहिलाच दिनले सगळं काढी लई गऊ. पन तुमनी खून बरोबर राखी. पानी नही टाकं, तेलच टाकं."
वर अभिमान! बाटली गळते का एवढंच आपण बघतो, अशी त्यांची समजूत. पातळी राखायची म्हणजे राखली, इमानदारीत.
श. ना म्हटलं, टेस्ट परत करू, पार्टीकडून तेल मागवा. "पास झालेलं परत कशाला?" कारण सांगू शकले नाही. सांगितलं तर आप्पा संध्याकाळी गेटबाहेर. नाही सांगितलं तर कुणाच्या तरी कपाटात, कुणाच्या तरी पिशवीत ते टोपण फुटणार, आणि बाटली आमची.

२ एप्रिल
आप्पांनी खडोलीच्या आपल्या खोलीवरून एक औषधाची काचेची बाटली आणली. तळाशी खरं तेल. "घ्या ताई, टेस्ट करा." म्हटलं, आणि काकूंचा गुडघा? "चालस आते थोडी."
भयंकर चीड आली. चोराने असं वागू नये. नीट तिरस्कारही करू देत नाहीत. एक बाटली भरली, टोपण आवळलं, ओव्हनमध्ये आडवी ठेवली. आप्पांना ओव्हनपासून लांब राहायला सांगितलं.

४ एप्रिल
सकाळी टोपणावर केसासारखी रेघ. दुपारी नखाने दाबलं तर तुकडा हातात आला. मी लॅबमध्ये एकटीच हसले.
तुकडे श. च्या टेबलावर ठेवले. चेहरा जो काय उतरला! फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी डोळे बारीक केले. आयुष्यात पहिल्यांदा डोकं चाललं, तेही नेमकं आज. "पण बेन, तेल तर सगळं टेस्टमध्ये गेलं होतं ना? हे कुठून आलं?"
आप्पा तिथेच फरशी पुसत होते. पोछा थांबला.
म्हटलं, उद्या सांगते. "उद्या ट्रक आहे. तेल कुठलं ते आधी सांगा, मग ट्रक थांबवतो. नाहीतर हे तुकडे मी बघितलेच नाहीत." तेलात खोट काढून सुटायचं आहे त्यांना. टोपण सोडून जगात कशातही खोट चालेल.

५ एप्रिल
लॅबमध्येच लिहितेय. ट्रक गेटला लागलाय, खोकी चढतायत.
वाटलं होतं, आप्पा आज येणार नाहीत. आले. माझ्याआधी आले, ओव्हन पुसून ठेवलाय. "सांगी टाका, ताई. मना ईचार करू नका."
ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, गप्प बसा, तुमचं काम करा. त्यांनी मान डोलावली.
रात्रभर श. साठी एखादं खोटं शोधत होते. इतकी वर्षं या लोकांत काढली आणि एक धड खोटं सुचत नाही. तुकडे काल श. च्या टेबलावरून परत उचलले, रुमालात आहेत. खाली श. ची गाडी लागली. जिन्यावर बुटांचा आवाज येतोय, आणि आप्पा हात पुसून दाराशी उभे आहेत, माझ्याकडे बघत