चांदी बसत नाही

हुबळी, ऑगस्ट १९८३

प्रिय गोदू,

पंचमी करून सासरी गेलीस आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. उरलेले तंबिटाचे लाडू तुझे अप्पा चोरून खातात आणि उंदरांवर आळ घेतात. एरवी मी भांडले असते.

तुला चांदीचं सांगायचं राहिलं. डेअरीला दूध घालायच्या हौसेनं अप्पांनी गेल्या वर्षी सहा गायींच्या गोठ्यात अकरा बांधल्या. मी कुरकुरले, तर म्हणाले, "होतंय की गं!" दांडग्या गायींनी शिंगं मारून गव्हाण बळकावली. मवाळ चांदी ढकलली गेली मोरीकडच्या कोपऱ्यात. बाकीच्यांचं झालं की उरलंसुरलं ती खायची. बसली की शेजारणीचा खूर कासेवर पडायचा, म्हणून तिनं बसणंच सोडलं. धार काढणारा सिद्राम म्हणायचा, "लई शाणी हाय बघा अव्वा, कटकट न्हाई." आम्हीही कौतुक करायचो आणि तिलाच आणखी सरकवायचो.

तिचे पाय सुजले, रवंथ थांबला. अप्पांनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली! शेवटी गुरांचे डॉक्टर म्हणाले, हिला आडवं व्हायला जागा कुठाय? मग पाच गायी अमरगोळला धाडल्या. आता ऐसपैस जागा आहे, खाली कोरडं गवत आहे. पण गोदू, ती बसत नाही. त्याच कोपऱ्यात अंग चोरून उभी असते. घास घेण्याआधी मागे वळून बघते. मागे कुणीच नसतं. मला ते बघवत नाही, गोठ्यात पाऊल टाकायची भीती वाटते.

पंचमीला मी पाट मांडला होता, तू मात्र चुलीशी उभ्यानं जेवलीस. घासागणिक दाराकडे बघत होतीस. झोका बांधलेला, तर "तुम्ही बसा" म्हणून बाजूला झालीस. शेजारच्या अंबूताई म्हणाल्या, "कलघटगीला सासरी जाऊन किती गुणाची झाली पोर!" मीसुद्धा हसले गं. तू गेल्यावर चांदीला वैरण टाकता टाकता ती अर्धी तशीच सोडली आणि हे पत्र लिहायला बसले.

तुमच्याकडे पोस्टाचं पत्र आधी दुसरेच वाचतात, म्हणून हे बांगड्या भरणाऱ्या सरूबाईच्या हाती देतेय. गुरुवारी अप्पा तुला न्यायला येतायत. कुणाची परवानगी मागत बसू नकोस. सासूबाईंशी काय बोलायचं ते मी बोलेन. सामानाचं मागाहून बघू, अंगावरच्या साडीनिशी नीघ.

तुझीच,
आई